रेडा बसलेला आहे

माझी बायको डोंगर मोजते आणि मी विस्मय मोजतो. बघण्याच्या कार्यक्रमात दोन्हीकडच्या मंडळींना यातलं काहीही कळलं नाही, म्हणून लग्न जमलं.

तिचं नाव ऋजुता. तिचा डोंगर एकच. सातारा जिल्ह्यात, घाटाच्या आतल्या अंगाला खुंटाळवाडी नावाचं साठेक घरांचं गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर हा डोंगर. लांबून तो बसलेल्या रेड्यासारखा दिसायचा म्हणून त्याला रेडा म्हणायचे. जवळून तो डोंगरासारखा दिसायचा. ऋजुताच्या संस्थेनं त्याच्या पाठीत कलमापक, म्हणजे जमिनीचा कल मोजणारी यंत्रं, पुरले होते आणि हा रेडा कधी उठतो का ते बघायला तिला गावातल्या शाळेमागच्या खोलीत बसवलं होतं. पाच वर्षांत रेडाही उठला नाही आणि तीही.

मी पुण्यात, विज्ञान मूल्यमापन मंडळात. शनिवार-रविवार मी डोंगराकडे, किंवा ती विस्मयाकडे. संसार चालला होता.

मंडळाचं काम समजावून सांगतो, कारण माझ्या सासूबाईंना अजून मी चष्म्याच्या दुकानात आहे असंच वाटतं. पूर्वी शास्त्रज्ञाची किंमत त्याच्या निबंधांचा उल्लेख इतर किती जण करतात यावरून ठरायची. मग शास्त्रज्ञ एकमेकांचे उल्लेख करू लागले, संक्रांतीला वाण लुटतात तसे. तू मला दे, मी तुला देते, आणि शेवटी सगळ्यांच्या घरी प्लास्टिकचे डबेच डबे. तेव्हा सरकारनं ठरवलं की मधली भानगडच नको, किंमत थेट मोजू. कशी? तर डोळ्यांतून. अनपेक्षित काही समजलं की मेंदूच्या देठाशी असलेला निळसर पेशींचा एक इवलासा ठिपका चेततो आणि डोळ्यांच्या बाहुल्या क्षणभर रुंदावतात. यावर माणसाचा ताबा नसतो. तोंडानं 'वा वा' म्हणता येतं, बाहुलीनं नाही. आमच्या चष्म्यात दोन बारीक कॅमेरे असतात. परीक्षकानं तो घालून निबंध वाचायचा. चष्मा बाहुल्या मोजतो, खोलीतला उजेड वजा करतो आणि शंभरपैकी आकडा देतो. तो विस्मयांक. सलग तीन वर्षं तिसाच्या खाली, तर प्रयोगशाळा बंद. धोरणाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं: ज्यानं कुणी थक्क होत नाही ते ज्ञान नव्हे, ती नुसती माहिती.

सुरुवातीला फार छान वाटलं. देशभर शास्त्रज्ञ थक्क करू लागले. आंबा ही मुळात भाजी आहे, असं एकानं सिद्ध केलं. झोपेत माणसाची उंची वाढते हे दुसऱ्यानं, आणि ती कमी होते हे तिसऱ्यानं, दोघांनाही ऐंशीच्या वर. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून खरा-खोटा बघायची जुनी पद्धत होती, ती बंद पडली. कारण उत्तर खरं निघालं तर कुणी थक्क होत नाही. तापमापक तपासून देणारी एक प्रयोगशाळा होती, तिला वर्षानुवर्षं शून्य मिळत होतं. ती बंद केली. त्यानंतर वेगवेगळ्या संस्थांत पाणी वेगवेगळ्या तापमानाला उकळू लागलं, आणि त्यावर उत्तम विस्मयांकाचे कितीतरी निबंध आले.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की डोळे तपासताना डॉक्टर जे थेंब घालतात त्यांनीही बाहुल्या रुंदावतात. तेव्हापासून परीक्षक समिती यायच्या दिवशी संस्थांमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर असायला लागलं. त्या थेंबांनी जवळचं काही वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी. समोरचा कागद धूसर, पण विस्मय भरपूर.

तर अशा दिवसांत माझ्या बायकोनं सहावा निबंध पाठवला. एका रविवारी सकाळी तिच्या संचालकांचा, डॉ. बिडकरांचा, व्हिडिओ कॉल आला. मी बाजूला पोहे खात होतो.

"ऋजुता, वाचला निबंध. 'रेडा डोंगराच्या उतारावर हालचाल आढळली नाही.' पाचवा काय होता?"

"'रेडा डोंगराच्या उतारावर हालचाल आढळली नाही', सर."

"मग यात नवीन काय?"

"अजूनही आढळली नाही."

बिडकरांनी कपाळ चोळलं. "चार आलाय विस्मयांक. तोसुद्धा एका परीक्षकाला वाचता वाचता ठसका लागला म्हणून. हे तुझं तिसरं वर्ष आहे तिसाच्या खाली. सप्टेंबरअखेर केंद्र बंद होईल. जरा हलव ना."

"डोंगर?"

"आकडा गं! थोडाफार तर हलतच असेल ना तो?"

"हलतो ना. सकाळी ऊन लागलं की पुढे झुकतो, संध्याकाळी मागे येतो. पाऊस मुरला की जड होऊन किंचित दबतो, वाळला की पुन्हा वर. तो त्याचा श्वास आहे, सर. पाच वर्षं तोच मोजलाय. तो माहीत असेल तरच उद्या खरं काही झालं तर कळेल."

"श्वास!" बिडकर खुर्चीत सरळ झाले. "'डोंगर श्वास घेतात!' दे शीर्षक. सत्तर कुठे गेले नाहीत."

"सर, दगड तापला की प्रसरण पावतो. हे सातवीत आहे."

"परीक्षकांना सातवी होऊन फार वर्षं झाली, बाळा."

ऋजुता नाही म्हणाली. बिडकर चिडले नाहीत. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना फक्त बत्तीस प्रयोगशाळा सांभाळायच्या होत्या. "बरं, निदान नेत्रशिबिर ठेवू का?" त्यांनी विचारलं. तिनं त्यालाही नाही म्हटलं.

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी गेली. मग म्हणाली, "सौमित्र, काल माझ्या मनात काय आलं माहितीये? हलला तर बरं होईल."

"येणारच ना मनात."

"खाली साठ घरं आहेत." तिनं माझ्या खिशातल्या चष्म्याकडे बोट केलं. "तुमचं हे यंत्र मला असं वाटायला लावतं. आणि तू तिथं बसून पोहे खातोस."

मी पोहे खाली ठेवले. त्यानं धोरणात काही फरक पडला नाही.

धोरणात एक शेवटची पळवाट होती. परीक्षक थक्क झाले नाहीत, तर ज्यांच्यासाठी संशोधन चाललंय त्या लोकांचा विस्मय मोजून घेता येत असे. ऋजुतानं अर्ज केला. मंडळानं चष्मे घेऊन मलाच पाठवलं, कारण कॅलिब्रेशन येणारा मोकळा माणूस मीच होतो. हितसंबंध नकोत म्हणून मी तिथं पत्नीशी बोलायचं नाही, असं लेखी दिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यामुळे जड गेलं नाही.

खुंटाळवाडीत एक रीत पडली होती. दर सोमवारी सकाळी ऋजुता देवळातल्या भोंग्यावरून आठवड्याचा निष्कर्ष सांगायची. पहिल्या वर्षी तिनं 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय कलबदल नाही' वगैरे सांगून पाहिलं. तेव्हा गावातले म्हातारे दगडूतात्या तिला म्हणाले होते, "म्याडम, रेडा बसलाय का उठलाय, येवढंच सांगा." त्या दिवसापासून वाक्य ठरलं. ते ऐकलं की गाव आठवडाभर डोंगराकडे बघत नसे. पूर्वी म्हणे पावसाळ्यात अर्धं गाव जागायचं.

त्या सोमवारी मी सभामंडपात वीसेक जणांना चष्मे घातले. सरपंच शेवंताकाकींना तो नथीवर टेकत होता. दगडूतात्यांनी स्वतःचा जुना चष्मा काढायला नकार दिला, म्हणून त्यांना दोन घातले.

भोंगा खरखरला. "रेडा बसलेला आहे," ऋजुता म्हणाली.

सगळ्यांनी मान डोलावली. शेवंताकाकींनी चष्म्यासकट भिंतीला टेकून डोळे मिटले. मी पडद्याकडे बघितलं आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तोच होता. उणे एकोणीस. माणूस निश्चिंत झाला की बाहुल्या आकसतात हे आम्हाला माहीत होतं. पण शास्त्र ऐकून कुणी निश्चिंत होईल, हे चष्मा बनवताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"जावईबापू," तात्यांनी दोन्ही चष्म्यांवरून बघत विचारलं, "पास झाली का आमची म्याडम?"

"तात्या, उणे एकोणीस आलेत."

"म्हंजी चांगलं का वंगाळ?"

"आजवर देशात कुणाला मिळालेले नाहीत."

"मग पेढं वाटाया पायजेत," तात्या म्हणाले, आणि खरंच संध्याकाळी वाटले. मी एक खाल्ला. ऋजुतानं खाल्ला नाही.

पुढच्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. हस्ताचा पाऊस तीन दिवस धरून होता. मी कार्यालयात एका चष्म्याची काच पुसत होतो, आणि तपासायला म्हणून तो डोळ्यांवरच होता.

"हलतोय," ती म्हणाली.

"श्वास असेल."

"ऐक. एक किलोमीटर लांब फळी घे आणि तिचं एक टोक एक मिलिमीटर उचल. जेवढी कलेल, तो आमचा एक आकडा. रेड्याचा रोजचा श्वास असतो चारेक आकड्यांचा, जातो आणि येतो. परवापासून तो नुसता जातोय. काल दिवसभरात जेवढा झुकला तेवढा आज एका तासात झुकला. उतार कोसळायच्या आधी सरपटतो, सौमित्र, आणि सरपटण्याचा वेग असाच वाढत जातो. आता हिशोब कसाही केला तरी कोसळणं उद्यापलीकडे जात नाही."

समोरच्या पडद्यावर माझ्याच बाहुल्यांचा आलेख टोकाला जाऊन चिकटला होता. सत्त्याण्णव. चार वर्षांत तिच्या कामानं मला कधीही थक्क केलं नव्हतं, आणि ते किती सुखाचं होतं हे मला त्या क्षणी कळलं.

"आपत्ती कक्षाला कळवलंस?"

"तासापूर्वी. उत्तर आलंय. वाचू? 'आपली सूचना मूल्यांकनपूर्व विस्मय या वर्गात नोंदवली आहे. क्रमाने विचार होईल.'"

याचंही कारण होतं. विस्मयांक सप्टेंबरअखेर ठरतो, म्हणून दर सप्टेंबरात शास्त्रज्ञांना भयंकर गोष्टी दिसू लागत. सुरुवातीला आपत्ती कक्षाची माणसं प्रत्येक वेळी धावली. मग थकली, आणि त्यांनी आमच्याच मंडळाकडून चाळणी लावून घेतली. प्रयोगशाळा बंद पडायच्या बेतात असली की तिचा इशारा आपोआप तळाशी जाई.

मी सचिव कार्लेकर मॅडमच्या खोलीत गेलो. ती चाळणी त्यांच्या सहीनं उठू शकत होती.

"बायको ना तुझी?" त्यांनी विचारलं.

"हो. पण आकडे बघा ना मॅडम."

"आकडे सगळ्यांकडेच असतात. या महिन्यात माझ्याकडे दोन ज्वालामुखी आलेत. एक सोलापूरचा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गेल्या आठवड्यात उणे एकोणीस मिळालेल्या बाईंना या आठवड्यात डोंगर हलताना दिसतो. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. ती चाळणी मीच लिहिली होती आणि चांगली लिहिली होती. मी गाडीची किल्ली घेतली आणि निघालो. वाटेत कराडच्या पुढे रस्त्यावर पाणी होतं. ऋजुताला चार फोन केले, चारही लागले नाहीत. माझ्या डोक्यात सारखी ती किलोमीटरभर लांब फळी येत होती, आणि तिच्या एका टोकावर साठ घरं.

गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. भोंगा खरखरत होता. "रेडा उठतोय. सामान घेऊ नका. गुरं सोडा. पलीकडच्या माळावर आश्रमशाळेत चला. रेडा उठतोय."

आणि गाव निघालं होतं. कुणी 'का' म्हणून विचारलं नाही, कुणी कागद मागितला नाही. शेवंताकाकी काठी आपटत सगळ्यांना हाकत होत्या: "बघत काय बसलाय? पाच वर्सं बसलाय म्हनली तवा झोपलाव ना? आता उठतोय म्हनली तर उठा!" बायका पोरं कडेवर मारून पावसातून चालत होत्या. मी आजवर जेवढी समित्या-संमेलनं बघितली, त्यात एका वाक्यावर एवढी माणसं हललेली मी बघितली नव्हती.

एकटे दगडूतात्या ओट्यावर बसून होते. एकटे कसले, तात्या हलेनात म्हणून त्यांचे दोन मुलगे, सुना, नातवंडं, सगळं घर अंगणात ताटकळत होतं. ऋजुता देवळातून धावत आली. चिखलानं भरली होती.

"तात्या, चला."

"आज वार कंचा म्याडम?"

"गुरुवार. चला लवकर."

"मंग न्हाई." तात्यांनी मांडी पक्की केली. "तुमी सांगता सोमवारी. पाच वर्सं सोमवारच्या सांगन्यात येकदा खोट निघाली न्हाई. म्या सवता ध्यान ठेवलंय. पर गुरवारचं काय? गुरवारी तुमचं खरं निघतं का खोटं, कुनी बघितलंय कवा?"

थोरला मुलगा ओरडला, "आबा, येडं लागलंय का?"

"गप रं. सोमवारी सांगतील, सोमवारी निगंन. ह्ये घर माझ्या बानं बांधलंय. असं कुनीबी कंच्याबी वारी सांगितलं म्हनून सोडायचं व्हय?"

मला त्यांच्या म्हणण्यात चूक काढता येईना. आमच्या मंडळात इतका कडक परीक्षक एकही नव्हता. मागे रेड्याच्या पाठीवरून दोन-तीन दगड सुटून घरंगळत आले आणि केळीत पडले.

ऋजुतानं माझ्याकडे बघितलं. बिडकर म्हणाले होते, आकडा थोडा हलव. तिनं केंद्र बुडवलं, पण एक दशांशही हलवला नव्हता. ती वळली आणि देवळात गेली.

भोंगा खरखरला. 

"आज सोमवार आहे," ऋजुता म्हणाली. "रेडा उठतोय."

माळाच्या चढावर निम्म्यापर्यंत गेलेल्या गावानं ते ऐकलं. कुणी मागे वळून 'अहो, गुरुवार' म्हणालं नाही. तात्यांनी भोंग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"असं व्हय," ते म्हणाले, आणि काठी उचलली. "मंग आदी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रेडा उठला. मला वाटलं होतं आधी आवाज येईल. आधी झाडं चालू लागली. उभीच्या उभी, हळू, देवाला निघाल्यासारखी उतारावरून खाली येऊ लागली, आणि मग त्यांच्या पायाखालचं सगळं धावत सुटलं, आणि मग आवाज आला. धूळ बसली तेव्हा गावाच्या जागी ओली लाल माती होती. देऊळ नव्हतं, शाळा नव्हती, भोंगा नव्हता. माळावर सगळी माणसं उभी होती. शेवंताकाकी हळूहळू एकेक डोकं मोजत फिरल्या आणि सगळी निघाली. तात्यांचा एक कोंबडा तेवढा राहिला. त्याला वार कुणी सांगितला नव्हता.

ऋजुता माझ्या शेजारी उभी होती. 

महिनाभरानं तिनं सातवा निबंध पाठवला: 'रेडा डोंगराच्या उतारावर हालचाल आढळली.' विस्मयांक दोन. परीक्षकांनी व्हिडिओ आधीच बघितले होते.

"आधी पाठवायचास," बिडकर हळहळले. मग म्हणाले की केंद्र तसंही बंद करावं लागणार, कारण अभ्यासविषय आता जागेवर नाही. मी मंडळाचा राजीनामा दिला. त्याचा कुणालाच विस्मय वाटला नाही.

गावाला माळाच्या पलीकडे पत्र्याची घरं मिळाली. घरांच्या मागे एक टेकडी आहे. तिला नाव नव्हतं, कारण तिच्याकडे कधी कुणी बघितलंच नव्हतं. आता सगळे तिच्याकडेच बघत बसायचे. पाऊस संपला तरी दारं उघडी असायची आणि जरा पत्रा वाजला की माणसं अंगणात. दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला एक कलमापक ऋजुताकडे उरला होता. संस्थेनं तो भंगारात लिहिला. तिनं तो टेकडीच्या पाठीत पुरला.

पुढच्या सोमवारी सकाळी सगळे समाजमंदिराच्या शेडमध्ये जमले. भोंगा नव्हता. ती समोर उभी राहून बोलली.

"ही टेकडी या आठवड्यात हलली नाही. तिचा श्वास अजून मला माहीत नाही. तो कळायला दोन-तीन पावसाळे लागतील. तोवर एवढंच सांगू शकते. या आठवड्यात बसलेली होती."

कुणी मान डोलावली नाही. मागून दगडूतात्यांनी विचारलं, "आज नक्की सोमवार हाय?"

कुणी हसलं नाही. ऋजुताचा चेहरा उतरला. "हो तात्या. आज सोमवारच आहे."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सोमवार आहे, तात्या."

"जावयाचं काय धरायचं," तात्या म्हणाले. ते काठी टेकत उठले आणि शेडबाहेर पडून डांबरी रस्त्याकडे गेले. समोरून एसटी येत होती. त्यांनी हात केला. गाडी थांबली. आम्ही सगळे आतून बघत होतो.

"आज वार कंचा?" तात्यांनी कंडक्टरला विचारलं.

"सोमवार. का हो आजोबा, कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई."

कंडक्टर काहीतरी बोलला, ते बरं झालं ऐकू आलं नाही. गाडी गेली. विज्ञानात याला पुनर्पडताळणी म्हणतात. आमच्या मंडळाच्या कोष्टकात तिच्यासमोर शून्य असायचं.

तात्या तसेच सावकाश परत आले. "हाय सोमवार," त्यांनी गावाला सांगितलं, घोंगडी झटकली, टेकडीकडे पाठ केली आणि तिथंच शेडमध्ये आडवे झाले. थोड्या वेळानं घोरू लागले. मग शेवंताकाकींनी भिंतीला डोकं टेकलं. मग एकेक करून बाकीचे.